आतड्यातले ते पाच किलो

मी नाशिकच्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. पचनसंस्थेची आकृती फळ्यावर काढून काढून हात इतका बसलाय की लहान आतड्याची वेटोळी मी मुलांकडे बघत बघत काढते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून "शिकली-सवरलेली बाई अशी कशी फसली" असं कुणाला वाटलं, तर ते मलाही वाटून झालंय.

विषय चारचौघांत बोलायचा नाही, म्हणूनच लिहितेय. १२ नोव्हेंबर २०२४ ला माझी कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीनं मोठ्या आतड्याची आतून तपासणी, झाली. तिच्या आधीचे दोन महिने मी रात्री-बेरात्री मोबाइलवर मराठीत काही सापडतंय का ते शोधत होते. सापडायचं ते दोनच प्रकारचं. एक तर 'सात दिवसांत आतडी चकाचक' किंवा मग थेट कॅन्सर. मधल्या माणसांसाठी काही नव्हतं.

सुरुवात जून २०२३ ची. तोवर माझी शाळा अकरा ते पाच होती. १५ जूनपासून सकाळचं सत्र आलं, सात-दहाला प्रार्थना. म्हणजे घर सोडायचं सहा पंचविसाला. (चौथीपर्यंतच्या शाळा नऊनंतर भरवा, असं शासनानं पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं. आम्ही आठवी-नववीवाले मात्र सातलाच जांभया देत उभे.) माझी वर्षानुवर्षांची सवय अशी की सकाळचा चहा झाला, पेपर चाळला, की आठाच्या सुमारास जावंसं वाटायचं. आता आठ वाजता मी नववी 'ब'ला गतीचे नियम शिकवत असायची. शाळेत बावीस शिक्षकांमध्ये एक स्वच्छतागृह, त्याची कडी तुटलेली, दाराशी बादली लावून बसायचं. कोण जाणार? दाबून धरायचं. मधल्या सुट्टीपर्यंत ती कळ निघून गेलेली असायची.

त्यातच ऑगस्टमध्ये हिमोग्लोबिन १०.२ निघालं. पाळी जायच्या आधीचा धुमाकूळ चालू होता. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. या दोन्हींनी पोट बांधलं जातं हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दिवाळीपर्यंत तीन-तीन दिवस काही नाही, आणि चौथ्या दिवशी कुंथून कुंथून शेळीच्या लेंड्यांसारखे खडे.

आपली भाषाच बघा ना. "पोट साफ झालं का?" असंच आपण विचारतो. साफ झालं नाही म्हणजे आत घाण साठलीय, हे गृहीतच. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आजी आम्हा सगळ्या भावंडांना ओळीनं बसवून सुंठेच्या काढ्यातून एरंडेल पाजायची, "वर्षाचा कचरा निघून जाऊ दे" म्हणत. हा विचार माझ्यात इतका मुरलेला होता की पुढे जे विकायला आलं ते मला नवीन वाटलंच नाही, ओळखीचं वाटलं.

जानेवारी २०२४ मध्ये भिशीच्या ग्रुपवर 'डिटॉक्स चहा'ची जाहिरात आली. २८ पुड्या, ८९९ रुपये. रात्री झोपताना एक पुडी गरम पाण्यात. पहिल्याच सकाळी साडेपाचला पोटात पिळवटलं आणि धडाधड तीनदा जाऊन आले. हलकं वाटलं. वजनकाट्यावर सव्वा किलो कमी! मी तर दोन मैत्रिणींनाही तो चहा मागवून दिला, त्यांची माफी आता मागून झालीय.

दुसऱ्या दिवशी चहा घेतला नाही, तर काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे बद्धकोष्ठ आहेच, असं म्हणून पुन्हा पुडी. हा फेरा कसा चालतो ते मला आठ महिन्यांनी कळलं. जुलाबानं मोठं आतडं पूर्ण रिकामं झालं की ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतातच. त्या दिवसांत काही होत नाही, कारण आत काही नसतं. आणि आपण रिकाम्या आतड्याला आणखी चाबूक मारतो. ते सव्वा किलो म्हणजे निव्वळ पाणी होतं, दोन दिवसांत परत आलं.

मार्चपर्यंत एका पुडीनं भागेना, दोन घ्यायला लागले. मग एप्रिलमध्ये, परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर, मी शहरातल्या एका वेलनेस सेंटरमध्ये गेले. 'कोलन हायड्रोथेरपी'. एका वेळचे २,५००, सहा वेळांचं पॅकेज १२,०००. मी मास्तरीण, हिशोबात स्वस्त पडतं म्हणून पॅकेज घेतलं.

एसी खोली, मंद बासरी. कुशीवर झोपवून गुदद्वारातून नळी घालतात. कोमट पाणी आत जातं, बाहेर येतं, पाऊण तास. बाहेर येणारं पाणी एका पारदर्शक नळीतून जातं आणि त्या नळीमागे दिवा लावलेला असतो, म्हणजे तुम्हाला दिसावं. ॲप्रन घातलेली एक पोरगी बोट दाखवून सांगत होती, "हे बघा मॅडम, हे जुनं. आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षं चिकटलेलं. प्रत्येकाच्या पोटात असा पाच-पाच किलो मळ असतो." मी मान वळवून पाहिलं. नळीतून एक लालसर पापुद्रा गिरक्या घेत गेला. मला तो ओळखू आला. परवाच्या कोशिंबिरीतल्या टोमॅटोचं साल होतं ते. विज्ञानाच्या बाईनं तिथंच उठायला हवं होतं. मी पडून राहिले आणि मनात म्हणाले, चला, पाच किलोंतला थोडा तरी गेला.

दोनदा गेले. दुसऱ्या वेळी घरी येताना रिक्षात घेरी आली, म्हणून पुढच्या वेळा रद्द केल्या. उरलेल्या चार वेळांचे पैसे परत मिळत नाहीत, हे पावतीच्या मागे बारीक अक्षरांत होतं.

त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी वाचलं नव्हतं, ते आता सांगते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या एका दवाखान्यात १९७८ ते १९८० या काळात असंच आतडं धुण्याचं यंत्र वापरत होते. त्यातून किमान ३६ जणांना अमिबाची लागण झाली. १० जणांचं मोठं आतडं काढावं लागलं, त्यांतले ६ दगावले. हे अगदी टोकाचं झालं, पण नळीनं इजा होणं आणि रक्तातले क्षार बिघडणं हे धोके तर नेहमीचेच.

जूनमध्ये रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले. झोपेतून किंचाळत उठायची. नवरा पाय चोळत बसायचा. जिना चढताना मांड्या भरून यायच्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वय झालं की होतं असं. तिळाचं तेल लाव." तेल लावलं. जुलैत वर्गात फळ्याशी उभी असताना छातीत फडफडल्यासारखं झालं, आणि मी घाबरले.

आमचे फॅमिली डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत. तपासणी ४०० रुपये, नंबर लावायला जावं लागतं, फोनवर घेत नाहीत. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, ९०० रुपये. दुसऱ्या दिवशी अहवाल बघून म्हणाले, "पोटॅशियम ३.० आहे. साडेतीनच्या खाली जायला नको. जुलाब होतायत का तुम्हाला?" मी म्हटलं, "छे, उलट होतच नाही." ते चष्म्यावरून बघत राहिले. "घरी जा. जे जे तोंडात टाकता ते सगळं एका पिशवीत घालून आणा. गोळ्या, चूर्णं, काढे, सगळं."

ही पिशवीची युक्ती मी आता सगळ्यांना सांगते. नावं आठवून सांगण्यात निम्मं राहून जातं.

डॉक्टरांनी चहाचं खोकं उलटं केलं, खिशातून भिंग काढलं आणि वाचलं, "कॅसिया अँगुस्टिफोलिया. म्हणजे काय, सांगा बाई?" मला माहीत नव्हतं. "सोनामुखी." खोक्यावर पुढच्या बाजूला तुळस, आलं, गवती चहा यांची चित्रं होती. सोनामुखी मागे, लॅटिन नावानं. "सोनामुखी वाईट नाही. आम्हीही देतो. पण किती मात्रेत आणि किती दिवस हे ठरवून देतो. तुम्ही सहा महिने जुलाबाचं औषध घेताय, मात्रा माहीत नाही, आणि त्याला चहा म्हणताय. पोटॅशियम सगळं संडासात गेलं." मग लोहाच्या गोळीकडे वळून, "आणि ही रोज? एक दिवसाआड घ्या. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना मी फोन करतो."

४ ऑगस्टला चहा बंद. पोटॅशियमचं सिरप आठवडाभर, पाण्यात मिसळून, जेवणानंतर. त्याची चव म्हणजे खारट साबण. (हे स्वतःच्या मनानं घ्यायचं औषध नव्हे, पोटॅशियम जास्त झालं तर हृदयाला आणखी वाईट.) सोबत रोज रात्री पॉलीएथिलीन ग्लायकॉलची पावडर दोन आठवडे. ती आतड्यात पाणी धरून ठेवते, आतड्याला चाबूक मारत नाही. आणि इसबगोल.

पहिले चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी रडकुंडीला येऊन मी कपाटातलं उरलेलं खोकं बाहेर काढलं होतं. नवऱ्यानं ते हातातून घेतलं आणि पुड्या फोडून गुलाबाच्या कुंडीत टाकल्या. गुलाबाला काही झालं नाही. मला सहाव्या दिवशी थोडं, आठव्या दिवशी बरं. गोळे आठवडाभरात थांबले. पुन्हा तपासलं तेव्हा पोटॅशियम ३.९.

इसबगोलाबद्दल थोडं, कारण ते घरोघरी असतं आणि निम्म्या घरांत चुकीचं घेतलं जातं. गुजरात-राजस्थानात पिकणारं हे बी घोड्याच्या कानाच्या आकाराचं असतं, फारसी नावाचा अर्थही तोच. वरचा भुसा पाणी शोषून फुगतो, हेच त्याचं काम. म्हणून पाणी कमी पडलं तर तेच अडकून बसतं. कोरडं तोंडात टाकायचं नाही. मी एक चमचा मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून, घट्ट व्हायच्या आत पिते, वर आणखी अर्धा पेला. लगेच आडवं व्हायचं नाही. इतर औषधांत आणि त्यात दोन तासांचं अंतर. गिळायला त्रास असेल किंवा पोट फुगून उलट्या होत असतील तर हात लावायचा नाही. आणि एका रात्रीत चमत्कार होत नाही, माझे तीन आठवडे गेले. पहिल्या आठवड्यात तर इतका वायू झाला की स्टाफरूममध्ये मी खिडकीजवळची खुर्ची पकडली.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात रक्त दिसलं. लालभडक, चार-पाच थेंब. फॅमिली डॉक्टर म्हणाले, "बहुतेक मूळव्याधच असेल. पण वय ४८, रक्त कमी, पोटाची सवय बदललेली, आणि आता हे. 'बहुतेक' म्हणून सोडायचं नाही." पोटाच्या तज्ज्ञांची वेळ साडेतीन आठवड्यांनी मिळाली, २४ सप्टेंबर, फी १,०००.

त्या साडेतीन आठवड्यांत मी काय काय वाचलं ते विचारू नका. पण एक गोष्ट हाती लागली. 'आतड्यात साठलेल्या मळाचं विष अंगात भिनतं' ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी मोठ्या मोठ्या डॉक्टरांचीही होती. लंडनचे आर्बथनॉट लेन नावाचे नामांकित सर्जन तर बद्धकोष्ठावर उपाय म्हणून चांगलं मोठं आतडं कापून काढत. १९१९ मध्ये वॉल्टर अल्वारेझ या डॉक्टरांनी दाखवलं की बद्धकोष्ठात डोकं जड होणं, मरगळ येणं हे सगळं गुदाशय ताणला गेल्यामुळे होतं. त्याची तपासणीही साधी. पोट मोकळं झालं की काही मिनिटांत बरं वाटतं. विष रक्तात भिनलेलं असतं तर इतक्या लवकर कसं उतरलं असतं? हा युक्तिवाद मला इतका आवडला की आता मी तो नववीला सांगते, थोडा गाळून.

तज्ज्ञ डॉक्टर तरुण होते, माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या वयाचे. लाजेनं माझं बोलणं अडखळत होतं. त्यांनी शांतपणे एक तक्ता पुढे सरकवला, ब्रिस्टल चार्ट. त्यावर शौचाची सात चित्रं. "मॅडम, नुसतं बोट ठेवा." मी एकवर ठेवलं, मग म्हटलं, आता ऑगस्टपासून तीन. "तीन-चार उत्तम." मग म्हणाले, रोज झालंच पाहिजे असा नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी माणसात असू शकतं. हे मला कुणी १९९० साली सांगितलं असतं तर!

बोटानं आतून तपासणी करतात. नर्स शेजारी उभी होती. 'कुंथा, आता सैल सोडा' असं सांगतात. कुंथताना काहींचे स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळतात. तसं असेल तर औषधानं भागत नाही, स्नायूंना वळण लावायचे व्यायाम असतात. माझं तसं नव्हतं. दोन मिनिटांचं काम, भीती दोन आठवड्यांची. थायरॉइड, कॅल्शियम, साखर, रक्त यांच्या तपासण्या १,४५० रुपये. सगळं ठीक. आणि कोलोनोस्कोपी सांगितली. "तातडीची नाही, पण टाळू नका."

तारखेची भानगड खास शिक्षकी होती. ऑक्टोबरात सत्र परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी, आणि विधानसभा निवडणुकीचं प्रशिक्षण. मला मतदान अधिकारी क्रमांक दोनचा आदेश आलेला, मतदान २० नोव्हेंबरला. शेवटी १२ नोव्हेंबर ठरली.

तीन ठिकाणी दर विचारले. ५,५००, ८,५०० आणि १४,५००. फोनवर विचारताना हे नक्की विचारा: भुलीचे पैसे धरून का? तुकडा काढला तर वेगळे किती? खोलीचं भाडं? साडेपाच हजारवाल्यांकडे भूल आणि पलंग धरला की आकडा साडेनऊला पोचत होता. मी ८,५०० वाल्यांकडे गेले. एका ट्रस्टच्या रुग्णालयातही विचारायला हरकत नव्हती, उत्पन्न कमी असेल तर तिथे सवलतीच्या खाटा असतात, पण माझ्या पगारात ते बसत नव्हतं.

मेडिक्लेमचं काय? अर्ज भरला, डॉक्टरांचं पत्र, अहवाल, रद्द केलेला चेक जोडला. अकराव्या दिवशी नकार आला, 'एक्स्क्ल ०४'. म्हणजे नुसत्या तपासणीचा खर्च मिळत नाही. हे कलम बहुतेक पॉलिसींत असतं. तपासणीत गाठ सापडून ती तिथंच काढली तर तो उपचार होतो आणि काही पॉलिसींत बसतो, म्हणून आधीच कळवून ठेवणं बरं, असं काउंटरवरच्या माणसानं सांगितलं. शाळेच्या क्लार्कनं वैद्यकीय प्रतिपूर्तीलाही नकारार्थी मान हलवली. दाखल व्हावं लागतं म्हणे.

तयारीचा कागद फ्रिजवर लावला होता. लोहाची गोळी सात दिवस आधी बंद (ती आतड्यात काळं करून ठेवते, दिसत नाही). इसबगोल पाच दिवस आधी बंद. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधं असतील तर डॉक्टरांना विचारूनच बदल. ९ आणि १० तारखेला चोथा नसलेलं जेवण: मऊ भात, दही, सालीशिवाय बटाटा. पालेभाजी, पेरू, टोमॅटो, डाळिंब, अंजीर, तीळ नाही. बियांचं काही नाही. दिवाळीतला चिवडा डब्यात आणि मी दहीभात कालवतेय. ११ ला दिवसभर नुसतं आरपार दिसेल असं पाणी: नारळपाणी, गाळलेलं लिंबूसरबत, वरणाचं वरचं पाणी, बिनदुधाचा चहा. लाल रंगाचं सरबत नाही.

संध्याकाळी सहाला पहिला लिटर. पुन्हा पॉलीएथिलीन ग्लायकॉलच, पण भरपूर, आणि क्षार मोजून घातलेले. मला आत कुठं तरी हसू येत होतं. आतडं साफ करण्याच्या नादातून सुटायला आतडं साफ करावं लागत होतं! फरक असा की हे औषध रक्तात शोषलं जात नाही, क्षारांचं गणित बिघडू नये अशी बेतलेली मात्रा असते, आणि कशासाठी करतोय ते माहीत असतं: कॅमेऱ्याला भिंत दिसावी म्हणून. एरवी ती भिंत स्वतःची काळजी घेते. तिच्या आतल्या अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी झडून नव्या येतात. जी भिंत आठवड्याच्या आत कात टाकते तिला वर्षानुवर्षं काय चिकटून राहणार? हे तर आमच्या पुस्तकातलंच ज्ञान, नुसतं जोडून बघायचं राहिलं होतं.

काही बारीक गोष्टी. औषध फ्रिजमध्ये गार करा, स्ट्रॉनं प्या, मधे लिंबाची फोड चोखा. पहिला तास काही होत नाही, म्हणून बाजारात जाऊ नका. व्हॅसलीन आधीच लावून ठेवा, आग झाल्यावर नव्हे. घरात एकच संडास असेल तर बाकीच्यांसाठी शेजारी सांगून ठेवा. दुसरा लिटर पहाटे चारला घेतला, साडेपाचच्या आत संपवला, मग पाणीही नाही. शेवटी जे येतं ते गोमूत्रासारखं पिवळसर, स्वच्छ. तसं आलं म्हणजे तयारी झाली.

१२ तारीख म्हणजे नेमकी कार्तिकी एकादशी. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि म्हणाल्या, "बघ, आपोआप निर्जळी घडली तुला. पांडुरंग बघतोय." मला वाटलं, पांडुरंगानं आज दुसरीकडे बघितलं तर बरं.

संमतीपत्रावर सही, मागून उघडा झगा, हाताला सुई. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. भुलीचे डॉक्टर म्हणाले, "कुठला विषय शिकवता?" मी "विज्ञा—" म्हटलं आणि पुढचं आठवत नाही. पंचवीस मिनिटांनी जाग आली तेव्हा पोटात हवा भरलेली, आणि आसपासच्या पलंगांवरची माणसं ती निःसंकोच सोडत होती. नर्स म्हणाली, "लाजू नका, सोडा. त्याशिवाय चहा मिळणार नाही." सोबत माणूस लागतोच. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही.

डॉक्टरांनी पडद्यावर फोटो दाखवले. मी पाठ्यपुस्तकातला गुलाबी रंग धरून बसले होते. दिसली ती सापाच्या कातीवर असते तशी काळपट-तपकिरी जाळी, मधून मधून गुलाबी ठिपके. माझे हातपाय गार पडले. "घाबरू नका," ते म्हणाले, "याला मेलॅनोसिस कोलाय म्हणतात. सोनामुखीसारखी औषधं महिनोन्महिने घेतली की अस्तरात हा रंग साठतो. कॅन्सर नाही, धोका नाही. बंद केलंत ना? वर्षभरात फिकट होईल." म्हणजे आतडं स्वच्छ करायला घेतलेल्या चहानं ते काळं केलं होतं.

"आणि ते पाच किलो?" मी विचारलं. भुलीचा अंमल असावा.

"कुठले पाच किलो?"

मी वेलनेस सेंटरची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत, हे त्यांचं कौतुक. फोटो एकेक करून पुढे सरकवत म्हणाले, "ही सगळी भिंत. शोधा तुम्हीच." भिंत ओलसर चमकत होती. काही चिकटलेलं नव्हतं. आतली छोटी मूळव्याध तेवढी होती, रक्त तिचंच. खात्रीसाठी दोन तुकडे काढले होते, त्यांचे १,९०० वेगळे. अहवाल १८ तारखेला आला: मेलॅनोसिस, बाकी काही नाही.

मी पैशांची बेरीज केली. तपासण्या, डॉक्टर, औषधं, कोलोनोस्कोपी सगळं धरून साडेपंधरा हजारांच्या आत. चहाची सहा खोकी आणि सेंटरचं पॅकेज मिळून १७,३९४.

तपासणीनंतर तीन दिवस काही झालं नाही. या वेळी मी बसून राहिले, भरू दे म्हटलं. चौथ्या दिवशी झालं.

ऑगस्टपासून जे बदललं ते विकण्यासारखं काही नाही. गजर पाच-वीसचा चार-पन्नासवर आणला. उठून गरम पाणी आणि चहासोबत दोन बिस्किटं, कारण पोटात काही पडलं की मोठं आतडं हलतं, सकाळी सगळ्यात जास्त. मग वीस मिनिटांनी दहा मिनिटं बसायचं, मोबाइल बाहेर. कमोडपुढे पायाखाली सासूबाईंचा सागवानी पाट. (गुडघे कमरेच्या वर आले की गुदाशयाचा बाक सरळ होतो, आपल्या जुन्या भारतीय संडासात हे फुकट व्हायचं. "पूजेचा पाट तिथं?" म्हणून सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, मग त्यांनीच माळ्यावरचा तडा गेलेला काढून दिला.) रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, दुपारी पेरू. हे एकदम वाढवू नका, आठवड्याला एकेक. पाणी मी मोजत नाही, लघवी गडद पिवळी दिसली की पाणी पिते. तीन दिवस काही झालं नाही तर डॉक्टरांनी दिलेली ती पावडर. रक्त दिसलं, वजन आपोआप उतरलं, रात्री पोटदुखीनं जाग आली, तर घरगुती काहीही करत न बसता डॉक्टर. आणि शंखप्रक्षालन (मिठाचं पाणी पिऊन पोट धुण्याची योगक्रिया) वगैरे कुणी सुचवलं तर रक्तदाब, हृदय, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मिठाच्या पाण्याचे ते पेले डॉक्टरांना विचारल्याशिवाय रिचवू नयेत.

शाळेतल्या कडीचं काम मात्र सगळ्यांत अवघड गेलं. दोन अर्ज, तीन महिने, उत्तर नाही. शेवटी आम्ही आठ बायकांनी मिळून १,७०० रुपये काढले. कडी, दिवा आणि पाण्याचा जेट बसवला. एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मलाही तोच त्रास होता हो. सात वर्षं."

२० नोव्हेंबरला पहाटे पाचला मतदान केंद्रावर हजर व्हायचं होतं. साडेपाचला मॉक पोल, सातला मतदान. म्हणजे सव्वातीनला उठा. पाट, चहा, सगळं केलं, पण सव्वातीनला आतड्यालाही रात्रच वाटली असणार. काही झालं नाही. मी शाईची बाटली वाळूच्या वाटीत रोवून बसले आणि बोटं रंगवत राहिले. पावणेदहाला, रांग दारापर्यंत गेलेली असताना, कळ आली.

माझी पहिली प्रतिक्रिया जुनीच होती. नंतर बघू. पुढचा मतदार आला, त्याच्या बोटाला शाई लावली. मग केंद्राध्यक्षांकडे वळले. "सर, दहा मिनिटं. क्रमांक तीनच्या बाईंकडे देते." सरांनी घड्याळाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, आणि मान हलवली.

स्वच्छतागृह मैदानापलीकडे होतं. कडी नव्हतीच. दारावर पहारा देणारी महिला होमगार्ड माझ्या मागून चालत आली, दाराला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "जा मॅडम निवांत. मी आहे इथं."